चालत्या घरातील गारवा

इ. स. १९३९ च्या नोव्हेंबर महिन्यात शिकागो येथे भरलेल्या मोटार-प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने एक नवल मांडले. बाहेर कितीही ऊन असो, आत बसणाऱ्यास गार हवा मिळेल, अशी ती मोटारगाडी होती. या सोयीस कंपनीने 'वेदर कंडिशनर' असे नाव दिले होते आणि गाडीच्या किमतीखेरीज तिच्यासाठी २७४ डॉलर मोजावे लागत. क्लीव्हलंडच्या बिशप अँड बॅबकॉक कंपनीने बनविलेले हे यंत्र सामान ठेवण्याची निम्मी जागा अडवून बसे. गार हवा मागील आसनाच्या पाठीमागून बाहेर पडे, म्हणजे मालकाच्या मानेवर येई. पुढे बसलेल्या चालकाच्या वाट्याला तिचा उरलासुरला अंश पोचे. परंतु या यंत्राचे खरे वैगुण्य निराळेच होते. ते बंद करण्याची सोयच त्यात नव्हती. एंजिन फिरे तोवर कॉम्प्रेसरही फिरे. थंडी वाजू लागली तर पंखा थांबवता येई. पण कॉम्प्रेसर थांबवावयाचा तर गाडी उभी करून, खाली उतरून, पुढचे झाकण उघडून त्याचा पट्टा काढून ठेवावा लागे. दोनतीन वर्षांतच पॅकार्डने हा प्रयोग सोडून दिला.

पॅकार्डची ही हकीकत गमतीची आहे खरी, पण ती तेवढीच नाही. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या लांब नळ्या, एंजिनाच्या मर्जीवर फिरणारा पट्टा आणि प्रवाशांच्या सुखाचा विचार अगोदर व दुरुस्ती करणाऱ्याचा विचार मागाहून, ही त्या पहिल्या यंत्राची लक्षणे पुढे तीस-पस्तीस वर्षांनी अमेरिकेच्या रस्त्यांवर धावू लागलेल्या 'मोटर होम' नावाच्या चालत्या घरांत जशीच्या तशी उतरली. ती घरे आता जुनी झाली आहेत. त्यांच्या डॅशबोर्डमधून येणारी हवा उन्हाळ्यात गार का येत नाही, हा प्रश्न त्यांच्या मालकांना वर्षानुवर्षे छळीत आला आहे. त्याचे उत्तर शोधू लागले, की ते नुसत्या नळ्या-पट्ट्यांत सापडत नाही. त्याचा धागा थेट आकाशातील ओझोनच्या थरापर्यंत जातो.

वाहन गार ठेवण्याचे जुने उपाय पाण्याचे आणि बर्फाचे होते. वाळ्याच्या ताट्या भिजवून त्यांतून वारा घेणे आपल्याकडे अपरिचित नाही. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या फ्रंटियर मेलला १९३४ मध्ये गार हवेचा डबा जोडला गेला, त्यातही खरे काम बर्फाच्या लाद्यांनीच केले. वाटेतल्या स्थानकांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या भरीत. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी प्रदेशात मोटारीच्या खिडकीला एक नळकांडे टांगण्याची प्रथा होती. त्यात पाण्याने भिजलेली गादी असे आणि गाडीच्या वेगाने वारा तिच्यातून आत शिरे. हा माठाचाच न्याय होय. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता बरोबर घेऊन जाते. मात्र हवा कोरडी असेल तेथेच हा न्याय चालतो. ॲरिझोनात गार वारा देणारे ते नळकांडे दमट किनाऱ्यावर नुसता ओलावा देई. कोकणातल्या मे महिन्यात माठाचे पाणी विदर्भातल्यासारखे का गार होत नाही, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको.

यंत्राने गारवा उत्पन्न करण्याची युक्ती हीच, फक्त पाण्याऐवजी दुसरे द्रव्य घेऊन आणि ते उडून जाऊ न देता. जेकब पर्किन्स याने १८३४ मध्ये इंग्लंडात या युक्तीचे पेटंट घेतले. बंद नळ्यांच्या चक्रात एक द्रव्य फिरते. कॉम्प्रेसर त्याची वाफ ओढून दाबतो, तशी ती तापते. मोटारीत रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये तिची उष्णता बाहेरच्या वाऱ्याला दिली जाते आणि वाफेचा द्रव होतो. तो द्रव एका चिंचोळ्या झडपेतून एकदम मोकळ्या जागेत, म्हणजे डॅशबोर्डखालच्या इव्हॅपोरेटरमध्ये सोडला, की उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून ओढून घेतो. मग ती वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे जाते. चक्रात काही खर्ची पडत नाही. हे वाक्य पुढे फार महत्त्वाचे ठरणार आहे.

प्रश्न होता तो द्रव्य कोणते वापरावे हा. अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड ही घरगुती शीतपेट्यांत वापरली जाणारी द्रव्ये विषारी होती. बंद मोटारीत ती गळली असती तर आतल्या माणसांची धडगत नव्हती. जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेतील टॉमस मिजली व त्याचे सहकारी यांनी १९२८ मध्ये या कामासाठी डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन हे संयुग निवडले. बाजारात ते फ्रिऑन-१२ किंवा आर-१२ या नावाने आले. हवेच्या सामान्य दाबाखाली ते उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. त्याला वास नाही, ते पेट घेत नाही. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने हा वायू आपल्या फुप्फुसांत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखविली. विषही नाही आणि ज्वलनही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची कल्पनाही याच गृहस्थाची. एकाच माणसाच्या हातून, तोही सद्हेतूने, हवेला असे दोन वेळा ग्रहण लागावे, हा इतिहासातला विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. १९४४ मध्ये तो वारला तेव्हा त्याची दोन्ही संयुगे मानवजातीला वरदान समजली जात होती.

मोटारीतील गारव्याला आज परिचित असलेले रूप १९५४ मध्ये नॅश कंपनीने दिले. ही कंपनी १९३७ पासून केल्व्हिनेटर या शीतपेट्या बनविणाऱ्या कंपनीशी जोडली गेलेली होती. त्यामुळे मोटार आणि शीतपेटी ही दोन्ही शास्त्रे एकाच घरात नांदत होती. नॅशने सारे यंत्र मागील बाजूने उचलून पुढे आणले. कॉम्प्रेसर एंजिनाशेजारी, इव्हॅपोरेटर डॅशबोर्डमध्ये आणि गरम व गार हवेची कळ एकच. कॉम्प्रेसरच्या चाकात विद्युत्-चुंबकाचा क्लच बसविल्याने पट्टा फिरत राहिला तरी कॉम्प्रेसर हवा तेव्हा थांबवता येऊ लागला. किंमत ३४५ डॉलर होती. पंधरा वर्षांच्या आत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक गाड्यांत गारव्याची सोय असे.

याच सुमारास चालते घरही आकाराला येत होते. मिशिगनमधील रे फ्रँक याने 'मोटर होम' हा शब्द रूढ केला आणि डॉज कंपनीच्या सांगाड्यावर अशी घरे बांधून विकली. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबेगो कारखान्यातून १९६६ पासून ती बाहेर पडू लागली, तेव्हा सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबालाही ती परवडू लागली. जनरल मोटर्सने १९७३ मध्ये स्वतःचे मोटर होम काढले. पुढच्या चाकांना गती देणारे, साडेसात लिटरांच्या ओल्ड्समोबिल एंजिनाचे, बुटके, देखणे असे ते वाहन होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली. १९७८ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, तरी त्याचे चाहते अजून ते जिवापाड जपतात.

या घरांपैकी बहुतेकांची घडण पाहिली म्हणजे त्यांच्या गारव्याच्या दुखण्याचे मूळ लक्षात येते. सांगाडा आणि एंजिन एका कंपनीचे, वरचे घर दुसऱ्या कंपनीचे आणि डॅशबोर्डमधले गारव्याचे यंत्र बहुधा तिसऱ्याचे. नळ्या-तारांचा नकाशा या तिघांपैकी कोणाच्याच पुस्तकात पुरता सापडत नाही. बिघाड झाला की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात आणि सरकारी कचेरीतल्या फाइलीप्रमाणे तक्रार टेबलावरून टेबलावर फिरत राहते. शिवाय यंत्राची शक्ती मोटारीच्या बेताची, पण गार करावयाचे असते एक अख्खे बिऱ्हाड. पुढची काच दुकानाच्या दर्शनी काचेएवढी मोठी, तिच्यातून ऊन सरळ आत येते. चालकाच्या बाजूलाच एंजिनाचे झाकण असते. त्याच्या कडेचे रबर झिजले की एंजिनाची धग पायांशी येते. घराच्या छपरावर वेगळे वातानुकूलन असते, पण त्याला घरगुती वीज किंवा जनित्र लागते. म्हणून अनुभवी मालक दुरुस्तीच्या खटाटोपाला लागण्यापूर्वी चालकाच्या आसनामागे एक जाड पडदा लावून पाहतात. पुष्कळदा यंत्र निर्दोष असते. अपेक्षाच मोठी असते.

यंत्रच बिघडले असेल तर दोष गारव्यात आहे की हवेच्या वाटेत आहे, हे पहिल्यांदा ठरवावे लागते. हवेच्या वाटेतला एक विकार मोटर होमच्या मालकांत इतका प्रसिद्ध आहे, की त्याची लक्षणे ते डोळे मिटून सांगतात. सपाट रस्त्यावर समोरून छान गार हवा येत असते. घाट लागतो, चालक पाय दाबतो, आणि समोरची हवा बंद होऊन सगळी काचेकडे वर जाऊ लागते. उतार लागला की ती पूर्ववत् येते. अनेकांनी याचे खापर कॉम्प्रेसरवर फोडले आहे आणि त्यावर पैसेही खर्च केले आहेत. वस्तुतः कॉम्प्रेसरचा यात काही संबंध नसतो. त्या काळच्या गाड्यांत हवा इकडेतिकडे वळविणारी दारे एंजिनाच्या शोषणाने, म्हणजे निर्वाताने, हलत. चढावर एंजिनाचे तोंड पुरते उघडले की हे शोषण नाहीसे होते आणि दारे आपल्या विश्रांतीच्या जागी, काचेच्या बाजूला, परत जातात. काच धुरकटली असता चालक आंधळा होऊ नये म्हणून ती जागा मुद्दाम तशी ठेवलेली असते. चढापुरता निर्वात साठवून ठेवण्यासाठी एक लहानसा डबा आणि एकाच दिशेने उघडणारी एक झडप दिलेली असते. ती झडप सुटली, किंवा एंजिनाच्या उष्णतेने बारीक रबरी नळीला चीर गेली, की घाटात हवा पळू लागते. यावरचा उपाय म्हणजे हातभर नवी नळी.

दुसरा विकारही असाच फसवा असतो. हिवाळ्यात ऊब देणाऱ्या हीटरमध्ये एंजिनाचे उकळते पाणी खेळते. उन्हाळ्यात ते अडविणारी झडप नीट बंद झाली नाही, तर एकाच पेटीत इव्हॅपोरेटर हवा गार करतो आणि शेजारचा हीटर ती पुन्हा तापवतो. हीटरकडे जाणारी नळी थोडा वेळ चिमटून धरली आणि हवा गार होऊ लागली, की निदान झाले.

दोष गारव्यातच असेल तर दाबमापकाची जोडी लावावी लागते. येथे नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. एंजिन बंद असता २१ अंश सेल्सिअसच्या दिवशी आर-१२ असलेल्या यंत्रात दोन्ही मापके दर चौरस इंचास ७० पौंडांच्या आसपास दाब दाखवितात. तो पाहून गॅस पुरेसा आहे असे समजतात. परंतु स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये शेवटचा द्रव असेपर्यंत शेगडी सारख्याच जोराने पेटते आणि मग अचानक विझते, तसेच हे आहे. आत द्रवाचा थोडा अंश जरी उरला असला तरी दाब तोच दिसतो. खरे निदान एंजिन चालू करूनच होते. दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील तर गॅस कमी आहे. ओढणाऱ्या बाजूचा दाब जास्त आणि ढकलणाऱ्या बाजूचा कमी, असे असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे. ढकलणाऱ्या बाजूचा दाब भलताच चढत असेल तर कंडेन्सरला वारा मिळत नाही, किंवा गॅस प्रमाणाबाहेर भरला गेला आहे, किंवा आत हवा शिरली आहे. गाडी वेगात असता गारवा चांगला आणि नाक्यावर थांबताच हवा कोमट, हे लक्षण पंख्याकडे बोट दाखविते. थोडा वेळ गार, मग एकाएकी गरम, मग पुन्हा गार, असे होत असेल तर आत पाण्याचा अंश शिरला असण्याचा संभव फार. चिंचोळ्या झडपेच्या तोंडाशी त्याचे बर्फ होते, वाट बंद पडते आणि बर्फ वितळला की ती पुन्हा उघडते.

या साऱ्यांत सर्वांत अधिक आढळणारा दोष मात्र गॅस कमी होण्याचाच. चक्रात काही खर्ची पडत नाही, हे वर आलेच आहे. तेव्हा गॅस कमी झाला याचा अर्थ तो कोठून तरी गळाला. मोटर होममध्ये त्याला वाटाही पुष्कळ असतात. नळ्या लांब, सांधे अधिक, रस्त्याचे हादरे अखंड. त्यात ही घरे वर्षातून सातआठ महिने उभीच असतात. कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी असलेले सील तेलाने ओले राहिले तरच घट्ट राहते. यंत्र महिनोन् महिने फिरले नाही की ते कोरडे पडते, म्हणून हिवाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटे यंत्र चालवावे, असे जाणते कारागीर सांगतात. जनरल मोटर्सचा ए-६ नावाचा सहा सिलिंडरांचा कॉम्प्रेसर अतिशय दणकट होता, पण दांड्यापाशी गळण्याबद्दल तो तितकाच बदनाम होता.

गळती शोधण्याची जुनी साधने साधी होती. सांध्यावर साबणाचा फेस लावावा, किंवा तेलकट डाग कोठे दिसतो ते पाहावे. कारण गॅसबरोबर तेलही पाझरते. अधिक सूक्ष्म परीक्षेसाठी एक छोटा दिवा असे. त्याच्या नळीचे तोंड सांध्याजवळ नेले आणि आर-१२ चा लेश जरी आत ओढला गेला, तरी तापलेल्या तांब्यावरची निळी ज्योत हिरवी होई. ज्योतीत जळून तयार होणारा धूर विषारी असे, एवढे पथ्य सांभाळावे लागे. गळती सापडली की ती बुजवावी, शीतक कोरडे ठेवणारी पुडी बदलावी, पंपाने आतली हवा व ओलावा पुरता ओढून काढावा, निर्वात टिकतो की नाही हे पाहावे, आणि मगच मापून गॅस भरावा. शास्त्र एवढेच होते, आणि पुस्तकात ते छापलेले होते.

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. आर-१२ स्वस्त होता. अमेरिकेत त्याचे छोटे डबे मोटारीच्या सुट्या सामानाच्या दुकानात कोणालाही मिळत. गळती शोधण्याला अर्धा दिवस, डबा ओतायला दहा मिनिटे. दर उन्हाळ्यात एक-दोन डबे घालावेत आणि पुढच्या उन्हाळ्याचे पुढे पाहावे, हीच लोकांची रीत झाली. दुरुस्तीपूर्वी उरलेला गॅस सरळ हवेत सोडून देत. विष नाही, वास नाही, पेट घेत नाही. मग बिघडले कोठे? आपल्याकडच्या गॅरेजांतूनही 'गॅस संपला आहे, भरून घ्या' हे वाक्य असेच निर्धास्तपणे ऐकू येत आले आहे.

बिघडले ते कोठे, हे १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. जो वायू कशाशीच संयोग पावत नाही, तो खालच्या हवेत नष्टही होत नाही. वर्षांमागून वर्षे वर चढत तो अशा उंचीवर पोचतो, की सूर्याच्या अतिनील किरणांनी अखेर फुटतो. त्यातून सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मिजलीच्या मेणबत्तीच्या प्रयोगात ज्या गुणाचे कौतुक झाले, तोच हा दोष. कारखानदारांनी वर्षानुवर्षे ही गोष्ट मानली नाही. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवावरील ओझोनचा थर वसंत ऋतूत विलक्षण विरळ होत असल्याचे प्रसिद्ध केले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. त्याच वर्षी अमेरिकेत गॅस हवेत सोडणे बेकायदेशीर ठरले आणि छोट्या डब्यांची खुली विक्री बंद झाली. १९९५ च्या अखेरीस तेथे आर-१२ चे उत्पादन थांबले. लागलीच त्याचा भाव कडाडला आणि चोरट्या आयातीचे खटले उभे राहिले. त्याच वर्षी पॉल क्रुट्झन यांच्याबरोबर मोलिना व रोलंड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील अशा वायूंचे सर्वसाधारण उत्पादन २००८ मध्ये बंद झाले.

नव्या गाड्यांना आर-१३४ए हा क्लोरीनविरहित वायू मिळाला. जुन्या मोटर होमच्या मालकापुढे मात्र खरा पेच उभा राहिला. नव्या वायूला जुने खनिज तेल मानवत नाही, म्हणून कृत्रिम तेल घालावे लागते. तो जुन्या रबरातून अधिक सहज पाझरतो, म्हणून नळ्या आतून अस्तर असलेल्या घ्याव्या लागतात आणि सांध्यांतली रबरी कडी बदलावी लागतात. ओलावा शोषणारी पुडी वेगळी लागते. इतके करूनही जुना कंडेन्सर अपुरा पडतो; बाहेर ४० अंश असता दाब चढतो आणि आत पूर्वीइतका गारवा येत नाही. हिरव्या ज्योतीचा दिवाही निरुपयोगी झाला, कारण ज्योतीला हिरवी करणारा क्लोरीनच नव्या वायूत नाही. आणि या वायूतही उणे आहेच. ओझोनला तो अपाय करीत नाही, पण उष्णता अडविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून प्रबळ आहे. म्हणून २०१६ च्या किगाली येथील सुधारणेने त्याच्या वर्गातील वायूंच्या वापरालाही उतरती कळा लावली.

काही मालकांनी जुना आर-१२ साठवून यंत्र मूळ रूपात राखले आहे. सर्व सांधे घट्ट असतील तर तसे करण्यात वावगे काही नाही. न गळणारा वायू कोणाचेच काही बिघडवीत नाही. बाकीच्यांनी नवा वायू पत्करला आहे. त्यांच्या गाडीवर गॅस भरण्याच्या तोंडांना वेगळ्या आकाराची टोपणे बसविलेली असतात, म्हणजे चुकून दोन वायू एकत्र होऊ नयेत. शिवाय कायद्याप्रमाणे एंजिनाच्या खोलीत फिकट निळ्या रंगाची एक चिठ्ठी चिकटवावी लागते. बदल कोणी केला, कोणत्या तारखेस केला, तेल कोणते घातले आणि वायू वजनाने किती भरला, हे तिच्यावर लिहिलेले असते.